फियॉर्ड क्रूझ बुक करण्याआधी बेटांची नावं नीट वाचा

नॉर्वेच्या क्रूझचा दर विचारायला आलात की आम्ही आधी पासपोर्ट मागतो, जुना असेल तर तोही. यावरून दर सीझनला थोडी कुरबुर होते. “अहो, अजून जायचं नक्की नाही, नुसता आकडा सांगा.” आकडा सांगायला आम्हाला वेळ लागत नाही. पण तो ज्या आयटिनररीचा, म्हणजे जहाजाच्या बंदरांच्या आणि वेळांच्या वेळापत्रकाचा आहे, तिच्यासाठी तुम्हाला किती व्हिसा लागणार आणि ते वेळेत होतील का, हे पासपोर्ट उघडल्याशिवाय कळत नाही. हे पत्रक त्यासाठी.

आमच्याकडे नॉर्वेसाठी येणारे बहुतेक जण एकदा तरी युरोप फिरून आलेले असतात. सिंगापूरची किंवा भूमध्य समुद्रातली क्रूझही झालेली असते. त्यामुळे इनसाइड केबिन म्हणजे काय, ड्रिंक पॅकेज घ्यावं का, हे इथे लिहीत बसत नाही. एकच गोष्ट सांगायची आहे, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

होतं असं. ऑनलाइन ऑफर दिसते: इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून निघणारी, बारा-चौदा रात्रींची. फोटो गाइरांगरफियॉर्डचा, वर लिहिलेलं ‘नॉर्वे’. खाली बंदरांची यादी, त्यात लर्विक, टोर्शहावन, एखादं आइसलँडचं बंदर. यादी मोठी, दर चांगला, डिपॉझिट परत न मिळणारं. ते भरून टाकायचं आणि एप्रिलच्या अखेरीस आमच्याकडे यायचं, “बुकिंग झालंय, आता फक्त व्हिसा करून द्या.” त्या ‘फक्त’मध्ये काय काय दडलेलं असतं ते पुढे वाचा.

फियॉर्डांचा, म्हणजे डोंगरांमधून खोल आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांचा, प्रश्न सोपा आहे. क्रूझच्या जाहिरातीत ज्या फियॉर्डांचे फोटो असतात ते जवळजवळ सगळे नॉर्वेचे, आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. गाइरांगर, फ्लोम, ओल्डेन, आइडफियॉर्ड, स्टाव्हँगर, बर्गन यांतलं काहीही निवडा, व्हिसा एकच. कोपनहेगन, कील किंवा हाम्बुर्गहून निघून, हीच बंदरं करून तिथेच परत येणारं जहाज घेतलंत, तर साध्या एका एंट्रीच्या, म्हणजे एकदाच आत शिरू देणाऱ्या, शेंगेन व्हिसावर सहल पार पडते. डेन्मार्क, जर्मनी, नॉर्वे सगळे एकाच कुंपणाच्या आत.

अडचण करतात ती बेटं. नकाशात ती नॉर्वेच्या समोरच दिसतात, म्हणून तीही ‘तिकडचीच’ वाटतात. लर्विक हे शेटलंडचं बंदर आणि कर्कवॉल हे ऑर्कनीचं. दोन्ही ब्रिटनमध्ये, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. इतिहास बघितला तर ही बेटं खरंच नॉर्वेकडची होती. 1468 साली डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला द्यायचं ठरवलं. हुंड्याची रक्कम रोख उभी राहीना, म्हणून आधी ऑर्कनी आणि पुढच्या वर्षी शेटलंड तारण ठेवलं. तारण काही सुटलं नाही. मुंबईसुद्धा 1661 च्या लग्नाच्या करारातूनच पोर्तुगिजांकडून इंग्रजांकडे गेली, तेव्हा आपल्याला यात फारसं नवल वाटायला नको. तुमच्या दृष्टीने मुद्दा एवढाच, की बर्गनहून रात्री निघालेलं जहाज सकाळी लर्विकला लागतं आणि तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून ब्रिटनमध्ये आलेले असता. ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. तिथून जहाज परत नॉर्वेला किंवा आइसलँडला गेलं, तर शेंगेनमध्ये तुमची दुसरी एंट्री होते.

फॅरो बेटं, म्हणजे टोर्शहावन, याहून अवघड. ती डेन्मार्कच्या राजवटीतली, 1948 पासून स्वतःचा कारभार स्वतः बघणारी, आणि शेंगेनमध्ये नसलेली. नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही. फॅरो बेटांसाठी वैध असल्याचं व्हिसावर स्पष्ट लिहिलेलं लागतं आणि ते डेन्मार्कच्या अखत्यारीत येतं. तुम्ही अर्ज केलेला असतो नॉर्वेकडे.

आइसलँड स्वतः शेंगेनमध्ये आहे, त्याची काळजी नको. पण नॉर्वेहून तिकडे जाणारी जहाजं वाटेत अनेकदा शेटलंड किंवा फॅरोला थांबतात. स्वालबार्डचं आणखी वेगळं: लाँगइयरब्येन नॉर्वेचंच, पण शेंगेनच्या बाहेर. तिथे जायला वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र तिथून मुख्य नॉर्वेत परत यायला दुसरी एंट्री हवी. व्हिसा एका एंट्रीचा असेल तर पंचाईत.

यावर हमखास येणारं उत्तर: “आम्ही त्या बंदरावर उतरणारच नाही, जहाजावरच बसू.” हा उपाय चालत नाही. बहुतेक क्रूझ कंपन्या आयटिनररीतल्या प्रत्येक देशाची कागदपत्रं पहिल्या दिवशी चेक-इनलाच तपासतात. अपुरी असतील तर जहाजावर घेत नाहीत आणि पैसेही परत करत नाहीत. वाऱ्यामुळे कॅप्टनने ते बंदर ऐनवेळी वगळलं, तरी व्हिसा लागलेलाच असतो.

आता पासपोर्ट आम्ही का मागतो ते. जुन्या शेंगेन व्हिसाचं स्टिकर काढा. त्यात ‘नंबर ऑफ एंट्रीज’ असा रकाना असतो. तिथे 01, 02 किंवा ‘मल्ट’ (अनेक एंट्री) यांपैकी काहीतरी छापलेलं दिसेल. शेजारी किती दिवस राहायची परवानगी आहे तो आकडा. एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी नियम सैल झाला आहे: आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक एंट्रीचा मिळू शकतो. तुमच्या पासपोर्टात अशी दोन स्टिकरं असतील तर लर्विकवाली आयटिनररी आम्ही निर्धास्तपणे सुचवतो. पासपोर्ट कोरा असेल तर नाही सुचवत. काही जणांना वाटतं आम्ही स्वस्त पर्याय लपवतोय. तसं नाही. तो स्वस्त पर्याय तुमच्यासाठी स्वस्त आहे का, हे त्या रकान्यावर ठरतं.

दुसरं, पासपोर्ट एक आणि व्हिसा दोन. अर्ज चालू असताना पासपोर्ट सहसा व्हिसा केंद्राकडेच राहतो, म्हणून दोन्ही फायली एकदम लावता येत नाहीत. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ब्रिटनचा तीन महिने आधीपासून. म्हणजे 10 जूनला निघायचं असेल तर शेंगेनची दारं 10 डिसेंबरला उघडतात आणि ब्रिटनची 10 मार्चला. क्रम आपोआप ठरतो: थंडीत शेंगेन, मार्चमध्ये ब्रिटन. एप्रिल-मेमध्ये सगळा देश उन्हाळी सुट्टीच्या व्हिसासाठी रांगेत असतो, तेव्हा दोन्ही बसवायला आलात तर आम्ही हातपाय मारू, पण शब्द देणार नाही.

तिसरं, अर्ज कोणत्या देशाकडे करायचा. नियम सरळ आहे: ज्या शेंगेन देशात सर्वांत जास्त दिवस, त्याच्याकडे, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्याच्याकडे. फियॉर्ड क्रूझमध्ये तो बहुधा नॉर्वे निघतो. “अमक्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, तिथून करू या” हा सल्ला गृहसंकुलाच्या ग्रुपवर फिरत असतो. व्हिसा एका देशाचा आणि हॉटेल, जहाज, दिवस सगळे दुसऱ्याचे, अशी फाइल नाकारली जाऊ शकते आणि तो नकार पुढच्या अर्जांनाही नडतो. आम्ही अशी फाइल हातात घेत नाही, मग गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. दिवस मोजताना क्रूझच्या आधीच्या-नंतरच्या हॉटेलच्या रात्री धरायला विसरू नका. कोपनहेगनला चार दिवस वाढवलेत की हिशेब बदलू शकतो. आणि जाताना दोन दिवस पॅरिस करून मग साउदॅम्प्टनहून जहाज पकडायचं असेल, तर ते पॅरिसही एक एंट्री खातं.

एवढं वाचून बेटं नकोच असं वाटलं असेल तर तसंही करू नका. कर्कवॉलला लाल दगडाचं सेंट मॅग्नस कॅथीड्रल आहे, बांधकाम 1137 ला सुरू झालेलं. तिथून बसने थोडं गेलं की स्कारा ब्रे. पाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती, पिरॅमिडच्या आधीची. त्या बेटावर लाकूड दुर्मीळ, म्हणून घरातलं सामानही दगडाचं: दगडी पलंग, मधे चूल, आणि दारासमोरच दगडी फळ्यांचं फडताळ. आपल्या जुन्या स्वयंपाकघरातल्या मांडणीसारखं, भांडी ठेवायचीच बाकी. ज्यांचा ब्रिटनचा व्हिसा आधीच चालू आहे आणि शेंगेन अनेक एंट्रीचा आहे, त्यांनी कर्कवॉल असलेली आयटिनररी जरूर घ्यावी.

ज्यांना एकाच व्हिसात फियॉर्ड आणि बेटं दोन्ही हवीत त्यांच्यासाठी नॉर्वेची स्वतःची बेटं आहेत, हे जाहिराती ठळकपणे सांगत नाहीत. ओलेसुंद हे गाव बेटांवरच वसलेलं. 1904 च्या जानेवारीत एका रात्रीत जळून गेलं आणि पुढच्या तीन-चार वर्षांत दगड-विटांत, त्या काळच्या आर्ट नूवो शैलीत पुन्हा उभं राहिलं. मागच्या आक्सला टेकडीवर 418 पायऱ्या. गुडघे साथ देत असतील तर चढा, नाहीतर वर गाडीही जाते. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांसाठी जहाज लेक्नेसला थांबतं. आणि अगदी उत्तरेचं नॉर्डकाप हे टोक ज्या मागेरोया बेटावर आहे, तिथलं बंदर होनिंग्सवोग. आमचा जूनचा ग्रुप कोपनहेगनहून निघतो तो याच कारणाने: साउदॅम्प्टनपेक्षा दर थोडा चढा दिसतो, पण ब्रिटनच्या व्हिसाची फी, त्याची खेप आणि धाकधूक वजा केलीत तर फरक उरत नाही.

बाकी नेहमीचे प्रश्न भराभर. बंदरांच्या संख्येवर जाऊ नका. बर्गन ते किर्केनेस किनाऱ्याने धावणारी जहाजं 34 बंदरं घेतात, पण कितीतरी ठिकाणी अर्धा तासही थांबत नाहीत, काही तर मध्यरात्री येऊन जातात. ज्याला किनारा बघत बसायचंय त्याला ती उत्तम, ज्याला उतरून फिरायचंय त्याला नाही. आयटिनररीत पोहोचण्याची आणि सुटण्याची वेळ बघा, आणि ‘टेंडर’ लिहिलंय का तेही. गाइरांगरला मोठी जहाजं अनेकदा फियॉर्डात नांगर टाकतात आणि माणसं छोट्या बोटीने काठावर नेतात. त्यात जाता-येता वेळ जातो आणि वयस्कर मंडळींना हात द्यावा लागतो.

“डावीकडची केबिन की उजवीकडची?” गाइरांगरफियॉर्डला दुसरं तोंड नाही, जहाज आत जातं तसंच फिरून बाहेर येतं. सेव्हन सिस्टर्स धबधबा जाताना नाही दिसला तर येताना दिसेल. बाल्कनी मात्र घ्या. या मार्गावर तिचे पैसे वसूल होतात.

“मोठ्या जहाजांना गाइरांगर बंद झालं म्हणे?” अजून नाही. जागतिक वारशाच्या फियॉर्डांत प्रदूषण न करणारीच प्रवासी जहाजं यावीत असा नॉर्वेचा नियम आहे. 10,000 टनांखालच्या जहाजांना तो 1 जानेवारी 2026 पासून लागू, मोठ्यांना 2032 पासून. फ्लोमचा आउरलांड्सफियॉर्डही यात येतो.

महिना कोणता? बर्फ वितळत असतं म्हणून धबधबे मे-जूनमध्ये भरलेले असतात, आणि मुलांच्या सुट्टीलाही ते जुळतं. मध्यरात्रीचा सूर्य नॉर्डकापला मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत असतो, गाइरांगरला नाही. तिथे जूनमध्ये फक्त रात्र नीट काळोखी होत नाही. याच कारणाने जूनच्या क्रूझवर नॉर्दर्न लाइट्स दिसत नाहीत. ते हवे असतील तर ऑक्टोबर ते मार्चमधली वेगळी सहल, तिचं पत्रक काउंटरवर आहे. बर्गनला छत्री नव्हे, टोपीवाला रेनकोट न्या.

ऑफिसला येताना घरातल्या सगळ्यांचे चालू आणि जुने पासपोर्ट आणा. चालू पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला, परतीनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. पण क्रूझ कंपन्या बऱ्याचदा सहा महिने मागतात, तेव्हा तेवढे धरूनच चला. आयटिनररी तपासून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही, बुकिंग आमच्याकडे करा अथवा करू नका. दुसरीकडे बुक करून फक्त व्हिसाच्या फायलीसाठी आलात तर सेवाशुल्क वेगळं लागतं, आणि क्रूझ सुटायला आठ आठवड्यांपेक्षा कमी उरले असतील तर दोन व्हिसांची फाइल आम्ही घेत नाही. जैन आणि उपवासाच्या जेवणाची नोंद जहाजावर आधी द्यावी लागते. तो फॉर्म बुकिंगच्या दिवशीच भरून घेतो.