ऐरोलीला चढलेली बाई

दुपारच्या मीटिंगमध्ये मी एक आकडा चुकीचा सांगितला. कोणी काही बोललं नाही. बोलणारी बाई संध्याकाळी ऐरोलीला लोकलमध्ये चढली, माझ्याच डोक्यात. "शी! एवढंसुद्धा जमत नाही तुला?" दिघा गाव गेलं, ठाणं आलं, जिना चढून स्टेशनबाहेर पडले, तरी तिची टकळी चालूच.

ही बाई येते कुठून? खेळताना लहान मूल स्वतःशी मोठ्याने बोलतं, "हा ठोकळा इथे ठेवू, नाही, पडेल." वाढत्या वयाबरोबर हे बोलणं हळूहळू आत जातं आणि त्याचंच मनातलं बोलणं होतं, असं रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की (१८९६-१९३४) यांनी मांडलं. भाषा तर आपण घरीदारी ऐकूनच शिकतो. माझ्या बाईचा सूर थेट पाढे घेणाऱ्या बाईंचा आहे. हे अर्थात माझं आपलं निरीक्षण, विज्ञान नव्हे.

तिला "गप्प बस" म्हणून भागत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. वर, ज्यांनी आधी विचार दाबला होता, त्यांना नंतर मोकळीक दिल्यावर अस्वल जास्तच आठवलं.

उपयोगी पडते ती युक्ती इतकी साधी की मला आधी पटेना. स्वतःचा विचार 'मी' म्हणून न करता नाव घेऊन करायचा. २०१७ मध्ये अमेरिकेत जेसन मोझर आणि ईथन क्रॉस या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने अस्वस्थ करणारी चित्रं दाखवून मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या. स्वतःबद्दल तिसऱ्या माणसासारखा विचार केला, की भावनेशी जोडलेली हालचाल सेकंदभरात उतरत होती. आणि मेंदूला त्यासाठी जादा जोर लावावा लागत असल्याची खूण दिसली नाही. (आपले संतकवी अभंगाच्या शेवटी स्वतःचं नाव घेतात, त्यामागचं कारण वेगळं, पण मला ते आठवलंच.)

घरी मला अजून बेबी म्हणतात. म्हणून मी मनात म्हटलं, "बेबीने आकडा चुकवला. उद्या सकाळी ती दुरुस्त मेल पाठवेल." बाई गेली नाही. आवाज मात्र शेजारच्या डब्यातून आल्यासारखा झाला.

पण झोप-भूक उडाली असेल, आठवडेच्या आठवडे हेच चाललं असेल, तर युक्त्यांवर विसंबू नये. इथे १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि "ठाण्याला पाठवा" हा विनोद आम्ही ठाणेकरांनी जन्मभर ऐकलाय, त्यामुळे डॉक्टरकडे जायला पाय अडखळतात. घरबसल्या बोलायचं तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्रीही लागतो.