गाजर गवत : सातारा-सांगलीतील प्रसार आणि नियंत्रण

गाजर गवत हे सूर्यफुलाच्या कुळातील एक वर्षायू तण आहे. त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळ स्थान मेक्सिकोचे आखात व त्याभोवतीचा उष्ण अमेरिकी प्रदेश. काँग्रेस गवत, चटक चांदणी ही त्याचीच दुसरी नावे. सातारा-सांगलीत ते कृष्णाकाठच्या मळीत, म्हणजे पुराच्या गाळाच्या जमिनीत दिसते, तसेच माण, आटपाडी, जतच्या माळावरही. या तणाचा बंदोबस्त पिकाच्या सरीत होत नाही, तो बांधावर, पाणंदीत आणि उकिरड्यावर होतो. म्हणजे जी जागा भांगलायची (खुरप्याने तण काढायची) पाळी कोणाचीच नसते, नेमकी तिथेच.

ओळख

उगवल्यावर पहिले काही आठवडे रोप जमिनीला चिकटून असते. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पाने चक्राकार पसरतात आणि खालच्या रोपांना ऊन मिळू देत नाहीत. मग मधून शिरा असलेले, लवदार खोड वर येते आणि फांद्या फुटतात. उंची साधारण एक ते दीड मीटर, पाण्याच्या कडेला दोन मीटरपर्यंत. फुलोरा पांढरा, मोहरीएवढ्या ठिपक्यांचा दिसतो. त्यातला एक ठिपका बोटावर घेऊन नीट पाहिला तर तो पंचकोनी असतो. प्रत्येक कोपऱ्यावर एक इवलीशी पांढरी पाकळी आणि त्या पाकळीमागे एक बी, म्हणजे एका ठिपक्यात पाचच बिया. पण ठिपके हजारोंनी येतात. एका जोमदार झाडाला १० ते २५ हजार बिया धरतात. बी काळे, जेमतेम दोन मिलिमीटरचे, दोन्ही बाजूंना हलके पडदे असलेले. त्यामुळे ते पाण्यावर तरंगत सहज वाहून जाते.

उगवणीपासून फुलावर यायला ओल चांगली असेल तर चार ते सहा आठवडे पुरतात. बागायतात त्यामुळे वर्षाला तीन-चार पिढ्या होतात. वरच्या दोन-तीन बोटे मातीतले बी लगेच उगवते. खोल गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते आणि पुढच्या नांगरटीत पुन्हा वर येते.

आगमन

अमेरिकेतून मदत म्हणून आलेल्या गव्हाबरोबर हे तण आले, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. पुण्यात उकिरड्यांवर ते १९५०च्या दशकात दिसू लागले आणि भारतातील नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या अमेरिकी कायद्याखाली हा मदतीचा गहू आला, त्या पीएल-४८० खालचा भारताचा पहिला करार मात्र ऑगस्ट १९५६ मधला आहे. शिवाय कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४च्या यादीत या झाडाचे नाव असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. तेव्हा सगळे खापर त्या गव्हावर फोडणे बरोबर नाही. धान्याबरोबर नवे बी पुन्हा आले असण्याची शक्यता मात्र उरते. पुण्यापासून पुढे ते रस्ते, लोहमार्ग आणि मालवाहतुकीच्या वाटेने देशभर पसरले.

या भागात ते कसे पसरते

बी स्वतः फार लांब जात नाही, नेणारे आपणच. सर्वांत मोठी वाट शेणखताची. उकिरड्याच्या कडेला गाजर गवत फुलते, बी तिथेच झडते आणि उन्हाळ्यात ट्रॉली भरून ते खत रानात जाते. रस्त्याकडेचा मुरूम, तलावातला गाळ, घर बांधताना आणलेली माती, रोपवाटिकेतल्या पिशवीतली माती, यांतूनही ते येते. परसबागेत तर बहुतेक वेळा पिशवीतूनच.

दुसरी वाट पाण्याची. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांत नेले. तिथल्या पिकांना पाणी मिळाले, तसे कालव्याकडेच्या तणालाही मिळाले. पूर्वी जिरायत रानात पावसाळ्यापुरते उगवणारे झाड तिथे आता ओल मिळेल तेव्हा उगवते. २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरांसारखे मोठे पूर आले की पाणी ओसरल्यावर मळीच्या नव्या गाळातही ते हिरवे होते.

नुकसान

पिकाशी अन्न-पाण्याची स्पर्धा हे नुकसान तर आहेच. त्यापलीकडे, झाडाच्या सर्व भागांत असलेले पार्थेनिन हे द्रव्य आणि त्याबरोबरची इतर रसायने शेजारच्या बियांची उगवण दाबतात. पडीक आणि गायरान जमिनीत त्यामुळे चाऱ्याची गवते मागे हटतात. जनावरे ते सहसा तोंडी लावत नाहीत, पण वैरणीत मिसळून गेले तर दुधाला कडवट चव येते.

माणसाला होणारा त्रास मुख्यतः त्वचेचा. पापण्या, मान, कोपराची आतली बाजू इथे खाज सुटते, कातडी लाल होऊन जाड पडते. हा त्रास हळूहळू वाढत जातो. वर्षानुवर्षे काही न होता भांगलण केलेल्या बाईला एखाद्या पावसाळ्यात अचानक सुरू होतो आणि मग झाड नुसते जवळ असले तरी उठतो. परागकणांमुळे शिंका आणि दमाही होतो. भांगलणीचे काम बहुतांशी बायकांकडे असल्याने भोगही त्यांच्याच वाट्याला येतो. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडके ही मालकाने पुरवायची गोष्ट आहे, हे इथे स्पष्ट लिहिलेले बरे.

फारसे बोलले न जाणारे नुकसान रोग-किडींचे. सूर्यफूल आणि भुईमुगात करपल्यासारखी मर आणणारा तंबाखूवरील रेषा विषाणू गाजर गवतात कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. त्याच्या परागकणांतून तो फुलकिड्यांमार्फत पिकावर जातो. द्राक्षबागांना छळणारा पिठ्या ढेकूणही या झाडावर तग धरतो. तासगाव-मिरज पट्ट्यात बाग आरशासारखी लख्ख ठेवून बांध मात्र गाजर गवताला सोडून देणे, यात काही शहाणपण नाही.

उपटणी

पावसाळ्याच्या तोंडी उगवलेली पहिली पिढी फुलण्याआधी उपटणे हा सर्वांत स्वस्त उपाय. जमीन ओली असताना, शक्यतो वापशावर (चिखल नाही, पण ओल आहे अशा वेळी), रोप गड्ड्यासकट अलगद येते. विळ्याने किंवा गवत कापायच्या यंत्राने वरून छाटले तर ते मरत नाही. उरलेल्या बुडख्यातून चार फांद्या फुटतात आणि जमिनीपासून वीतभर उंचीवरच फुलतात. रस्त्याकडेला यंत्र फिरवून केलेली साफसफाई म्हणूनच दिसायला छान आणि कामाला निरुपयोगी असते.

देशात दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने पाळला जातो. आपल्या भागात जूनच्या पावसावर उगवलेले झाड तोवर फुलून गेलेले असते. इथे जुलैचा पहिला पंधरवडा अधिक सोयीचा. परतीच्या पावसावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी मोठी उगवण होते, ती विशेषतः रब्बी ज्वारीच्या पट्ट्यात चुकवून चालत नाही.

पिकानुसार

उसात ऊस झाकेपर्यंतच धोका असतो. लागणीनंतर वेळेवर भांगलण, मग बाळबांधणी आणि मोठी बांधणी, म्हणजे बुंध्याला दोनदा मातीची भर, झाली की सावलीत तण राहत नाही. खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून आलेल्या पिकात) पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, न पेटवता सरीत पसरले तर उगवण पुष्कळ कमी होते. आले आणि हळदीत अडचण वेगळी. गादीवाफ्यावर पीक दाट, तणनाशकाला वाव थोडा, त्यामुळे खुरपे आणि आच्छादन यांवरच भिस्त. सातारा-कोरेगाव भागात आल्याच्या वाफ्यावर पाचट टाकतात, त्याचा ओल धरण्याइतकाच तण दाबण्यासही उपयोग होतो.

परसबागेत औषधाची गरजच नाही. नवी कुंडी किंवा पिशवी आणली की पहिले दोन महिने मातीवर लक्ष ठेवावे, कातरलेल्या पानांचे रोप दिसताच काढावे.

तणनाशके

ऊस आणि मक्यात अ‍ॅट्राझिन उगवणीपूर्वी वापरतात. मेट्रिब्युझिन आणि टू-फोर-डी हीही उसातील परिचित औषधे. मात्रा आणि वेळ लेबलावर असेल तीच. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घालून ते कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरते मर्यादित केले. मोकळ्या जागेवर १५ ते २० टक्के मिठाचे पाणी फवारण्याची शिफारसही आहे, पण ती शेताच्या कडेला वापरू नये, जमीन बिघडते.

सांगली जिल्ह्यात एक धोका विशेष सांगायला हवा. द्राक्षवेल टू-फोर-डीला अत्यंत नाजूक असते. उसात फवारलेल्या औषधाचा वाऱ्याने आलेला अंशही वेलीची पाने पंख्यासारखी चिंबवतो, शेंडे आखडतात आणि घड बिघडतात. ज्या पंपाने टू-फोर-डी मारले तो नुसता पाण्याने खळबळून बागेत नेला तरी हेच होते. या औषधाला पंपच वेगळा ठेवावा. शेजाऱ्याची बाग असेल तर फवारणीआधी त्याला सांगावे. यावरून बांधावर होणारी भांडणे उगाच होत नाहीत.

मित्रकीटक आणि स्पर्धक वनस्पती

झायगोग्रामा बायकोलोराटा हा मेक्सिकन भुंगा १९८३ मध्ये बेंगळुरूत आणला गेला आणि पुढच्या वर्षी सोडण्यात आला. भुंगा सुमारे सहा मिलिमीटरचा, मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. भुंगा आणि अळी दोन्ही पाने खातात. अळ्यांनी शेंडे खाल्ले की फुलोरा येत नाही. १९९०च्या सुमारास तो सूर्यफुलावर दिसल्याने मोठी चर्चा झाली. गाजर गवताचे पराग पानांवर पडलेले असले तरच तो सूर्यफूल थोडे कुरतडतो, असे पुढे अभ्यासात आढळले.

त्याची मर्यादा ऋतूची आहे. पावसाळ्यात तो जोमात असतो, हिवाळा लागला की मातीत शिरून जूनपर्यंत झोपतो. बागायतातले हिवाळी गाजर गवत त्यामुळे त्याच्या हातून सुटते. भुंगे ज्या जागी सोडले तिथे नांगरट किंवा कीटकनाशक नको. गायरान, ओढ्याची कड, शाळेमागची पडीक जागा हीच योग्य. एका गावात ते टिकले की दुसऱ्या गावाला डब्यात पाल्यासह नेता येतात.

पडीक जागेत टाकळ्याचे बी उन्हाळ्याच्या शेवटी फोकून ठेवले तर पहिल्या पावसात त्याची दाट गर्दी होते आणि गाजर गवताला जागा उरत नाही. कोवळ्या टाकळ्याची भाजी पश्चिमेकडच्या डोंगरी गावांत पहिल्या पावसात खातातच. पुढच्या वर्षासाठी बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोळा करावे.

उपटलेल्या झाडांचे काय

फुलाआधीचे झाड खड्ड्यात शेण, माती आणि थोडा युरिया यांचे थर देऊन कुजवले तर चांगले कंपोस्ट होते. फुले दिसत असतील तर ते खतात घालू नये. उपटल्यावरही उरलेल्या ओलाव्यावर बी पक्के होते. अशी झाडे खोल पुरावीत. ढीग करून बांधावर टाकणे सर्वांत वाईट, आणि सुकल्यावर पेटवणेही टाळावे, कारण त्याच्या धुराने खाज आणि खोकला दोन्ही वाढतात.