कपड्यावरचा चट्टा याजकाला दाखवण्याची रीत: प्राचीन इस्राएलातील पात्रता, मुदती आणि अर्थ

प्राचीन इस्राएलात कपड्यावर हिरवट किंवा लालसर चट्टा उठला, तर मालकाने तो कपडा आपल्या मर्जीने फेकायचा नसे आणि अंगावर घालून हिंडायचंही नसे. कपडा याजकाला, म्हणजे मंदिराच्या पुरोहिताला, दाखवावा लागे. पुढे किती दिवस लागतील, काय काय तपासलं जाईल आणि निकाल कसा लागेल, हे बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात 47 ते 59 या वचनांत लिहून ठेवलं आहे. बारीकसारीक नियम मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या 'नेगाईम' या भागात मिळतात. मिश्नाचं संकलन इ.स. 200 च्या सुमारास झालं. खालची माहिती मुख्यतः या दोन्हींवरून दिली आहे.

इथे 'अशुद्ध' म्हणजे मळकट नव्हे. मेलेल्या अशुद्ध प्राण्याचा स्पर्श झालेला कपडा पाण्यात घातला की संध्याकाळी शुद्ध होई. प्रेतामुळे आलेल्या अशुद्धीला सात दिवस लागत आणि तिसऱ्या व सातव्या दिवशी तांबड्या कालवडीच्या राखेचं पाणी शिंपडलं जाई. या दोन्हींच्या मुदती ठरलेल्या होत्या, त्यासाठी कुणाच्या निकालाची गरज नव्हती. चट्ट्याचं तसं नव्हतं. याजक तोंडाने 'अशुद्ध' म्हणेपर्यंत कपडा अशुद्ध ठरत नसे. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: या चट्ट्याचं नातं आजच्या कुष्ठरोगाशी जोडू नये. असा चट्टा माणसाच्या अंगावर आणि घराच्या भिंतीवरही उठे, पण कापडाला आणि भिंतीला कुष्ठरोग होत नाही. त्या जुन्या गैरसमजाने आजारी माणसांना फार सोसावं लागलं आहे.

कोणता कपडा तपासणीला पात्र?

लोकर, लिनन आणि चामडं, एवढंच. कपडा विणलेला असो किंवा नुसता ताणा-बाणा असो, दोन्ही चालत. लोकर मेंढीची हवी. उंटाची लोकर मिसळलेली असेल तर प्रमाण पाहायचं: उंटाची जास्त असेल तर नियम लागू नाही, मेंढीची जास्त किंवा निम्मी-निम्मी असेल तर लागू. लिननमध्ये अंबाडीसारखा दुसरा धागा मिसळला असेल तरी हाच हिशोब. समुद्रातल्या प्राण्यांचं कातडं यातून वगळलं आहे. रंगवलेला कपडाही वगळला आहे. रंगवलेल्या चामड्याबद्दल मात्र आचार्यांमध्ये मतभेद आहेत.

पात्रतेत फक्त अंगावरचे कपडे येत असं समजू नका. गलबताचं शीड, पडदा, धर्मग्रंथाच्या गुंडाळीवरचं वेष्टन, कमरपट्टा, चपलेचा बंद, सगळं यात येई. चट्टा निदान एका 'ग्रीस' एवढा हवा, म्हणजे सिलिसिया प्रांतातल्या, वालासारख्या मोठ्या द्विदल दाण्याच्या अर्ध्या डाळीइतका. त्याचं माप मिश्नात 36 केसांच्या जागेएवढं सांगितलं आहे. रंग फिकट असून भागत नाही. हिरव्यातला गडद हिरवा किंवा लालातला गडद लाल हवा.

मालक इस्राएली असावा लागे. परक्याच्या कपड्याला हा नियमच नाही. असा कपडा विकत घेतला आणि त्यावर आधीपासून चट्टा असेल, तर पहिल्या दिवसापासून नव्याने तपासणी सुरू होई.

कागदपत्रं आणि तपासणारा

कागदपत्रं काहीच नाहीत. अर्ज, साक्षीदार, शुल्क, यांतलं काही शास्त्रात सांगितलेलं नाही. पुरावा म्हणजे तो कपडाच.

तपासायला मात्र कुणीही जाणकार चाले. निकाल उच्चारायचा अधिकार फक्त याजकाचा, म्हणजे मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशजाचा. याजकाला नियम येत नसतील तर विद्वान शेजारी उभा राहून सांगे, 'अशुद्ध म्हण,' आणि याजक तेवढं म्हणे. ज्ञान एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. याजकाला स्वतःवरचा चट्टा तपासता येत नसे. मिश्नातले एक रब्बी (यहुदी धर्मशास्त्री) मेईर यांच्या मते नातलगांचाही नाही. एका डोळ्याने आंधळा किंवा मंद दृष्टीचा याजक चालत नसे. दोन तपासण्या एकाच वेळी करायच्या नाहीत असाही नियम होता. सकाळी लवकर, संध्याकाळी, घरात किंवा ढगाळ दिवशी तपासणी नाही. भर दुपारीही नाही, कारण तेव्हा रंग खरा दिसत नाही.

एक सवलत खास लक्षात ठेवण्याजोगी आहे. नवरदेवाला लग्नाच्या मेजवानीचे सात दिवस मोकळे मिळत. त्याच्या अंगाची, घराची आणि कपड्याची तपासणी तेवढे दिवस पुढे ढकलली जाई. सणाच्या दिवसांत हीच सवलत सगळ्यांना होती.

पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत

पहिल्या दिवशी याजक चट्टा पाहतो आणि कपडा सात दिवस वेगळा ठेवायला सांगतो. सातव्या दिवशी पुन्हा पाहतो. चट्टा पसरला असेल तर विषय संपला: कपडा जाळायचा.

पसरला नसेल तर याजक धुवायला सांगतो. धुणारे दुसरे असतात. फक्त डाग चोळून भागत नाही, भोवतालचं थोडं कापडही धुवावं लागतं असं अकराव्या शतकातले भाष्यकार राशी सांगतात. मग पुन्हा सात दिवस. पहिल्या मुदतीचा सातवा दिवसच दुसऱ्या मुदतीचा पहिला दिवस धरला जातो, त्यामुळे एकूण तेरा दिवस भरतात, चौदा नव्हेत.

दुसऱ्या मुदतीनंतर तीन शक्यता उरतात. धुऊनही रंग तसाच राहिला, तर चट्टा पसरला नसला तरी कपडा जाळायचा. खालून वरून कुठेही तो कापडात शिरलेला असो, फरक पडत नाही. रंग फिका पडला असेल तर तेवढाच तुकडा फाडून काढायचा आणि बाकीचा कपडा वाचवायचा. त्यानंतर चट्टा परत उठला तर मात्र जाळणं टळत नाही. तिसरी शक्यता म्हणजे चट्टा पूर्ण गेलेला. तेव्हा कपडा दुसऱ्यांदा पाण्यातून काढायचा की तो शुद्ध. हे दुसरं धुणं म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवून काढणं, असं रब्बींची परंपरा मानते. अंगावरचा चट्टा बरा झालेल्या माणसाला दोन पक्षी, देवदारूचं लाकूड, किरमिजी धागा, एजोब नावाची वनस्पती आणि पुढे अर्पणं, एवढं सगळं करावं लागे. शुद्ध ठरलेल्या घरालाही पक्षी लागत. कपड्याला यांतलं काहीच नाही.

संशयाच्या जागीही नियम मालकाच्या बाजूने झुकतात. निकाल न लागलेला, वेगळा ठेवलेला कपडा चुकून इतर कपड्यांत मिसळला, तर सगळे शुद्ध धरायचे. अशुद्ध ठरलेला मिसळला तर सगळेच अशुद्ध. इतकी काळजी का, हे त्या काळच्या माणसाकडे पाहिलं की कळतं. गहाण ठेवलेलं गरिबाचं पांघरूण सूर्यास्ताआधी परत करावं, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे तेवढंच असतं, असं निर्गम पुस्तकात सांगितलं आहे. असं एकमेव वस्त्र एका नजरेत जाळून टाकायला शास्त्र तयार नव्हतं.

हा आरोग्याचा नियम होता का?

आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांना हा चट्टा बुरशीचा वाटतो. कोकणात श्रावणात कपाट उघडल्यावर चपलेच्या बंदावर आणि लोकरीच्या शालीवर काय दिसतं हे माहीत असलेल्या कुणालाही ते पटेल. डाग खरोखरच बुरशीचा असू शकतो. पण पात्रतेचे नियम पुन्हा वाचा. बुरशी रंगवलेल्या कापडाला सोडत नाही, मालक कोण हेही विचारत नाही. संसर्गाची भीती असती तर नवरदेवाला सात दिवस कुणी दिले नसते. घराच्या बाबतीत तर याजक येण्याआधी आतलं सगळं सामान बाहेर काढायला सांगितलं आहे, म्हणजे निकाल लागल्यावर ते अशुद्ध ठरू नये. रब्बी मेईर म्हणतात, लाकूड, कपडे आणि धातूची भांडी तर पाण्यात बुडवून शुद्ध करता येतात. मग वाचवायचं काय उरतं? मातीचा तांब्या आणि बुधली! माणसाच्या इतक्या हलक्या वस्तूंची देवाला काळजी आहे, तर त्याच्या जिवलग गोष्टींची किती असेल!

म्हणून परंपरेने या चट्ट्याकडे इशारा म्हणून पाहिलं. बाराव्या शतकातले यहुदी विद्वान मायमोनिडीस सांगतात की हा निसर्गक्रम नव्हे, दुसऱ्याची निंदा करणाऱ्याला दिलेली सूचना आहे. आधी घराच्या भिंतीवर, ऐकलं नाही तर घरातल्या चामड्याच्या वस्तूंवर, मग अंगावरच्या कपड्यांवर आणि शेवटी कातडीवर. मोशेबद्दल वाईट बोललेल्या त्याच्या बहिणीच्या, मिर्यामच्या अंगावर चट्टा उठला होता, ती कथा गणना पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात आहे. तालमूद हा मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ मात्र कारण निंदेपुरतं ठेवत नाही. रक्तपात, खोटी शपथ, व्यभिचार, गर्व, लूट आणि कंजूषपणा हीही कारणं तिथे येतात.

मला या सगळ्यात निंदेचा धागा सर्वांत घट्ट वाटतो, आणि तो थेट कार्यपद्धतीत दिसतो. निंदा करणारा माणूस दुसऱ्याबद्दलचा निकाल एका वाक्यात देऊन मोकळा होतो. त्याच्या कपड्याचा निकाल मात्र चांगल्या उजेडात, चांगल्या डोळ्यांनी, दोनदा मुदत देऊन आणि मध्ये धुऊन बघितल्याशिवाय लागत नाही. डाग फिका पडला तर तेवढा तुकडा फाडतात, आख्खा कपडा वाईट ठरवत नाहीत. आपल्याबद्दल इतरांनी असंच वागावं असं त्याला त्या तेरा दिवसांत नक्की वाटत असणार.

आज काय?

यरुशलेमचं मंदिर इ.स. 70 मध्ये उद्ध्वस्त झालं. आज कुणी कपडा घेऊन याजकाकडे जात नाही. हा भाग 'तझ्रिया' नावाने सभास्थानात दरवर्षी वाचला जातो, बहुधा एप्रिलच्या आसपास. मुंबई आणि अलिबागच्या बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या सभास्थानांतही तो वाचनक्रमात येतो आणि इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी भाषक बेने इस्राएल कुटुंबांच्या सभास्थानांतही. यहुदी वर्षात तेरा महिने असतील तर तझ्रिया आणि पुढचा 'मेत्झोरा' वेगवेगळ्या शनिवारी येतात, एरवी दोन्ही एकाच शनिवारी वाचतात.