काकस्पर्श (दशक्रियेतील)

दशक्रियाविधीत मृताच्या नावाने ठेवलेल्या पिंडाला कावळ्याने चोच लावणे म्हणजे काकस्पर्श. बोलीत यालाच ‘पिंडाला कावळा शिवणे’ म्हणतात. नुसते ‘कावळा शिवणे’ हे शब्द पूर्वी घराघरांत बायकांच्या मासिक पाळीसाठीही वापरले जात. त्या अर्थाचा या विधीशी संबंध नाही. महाराष्ट्रात हा विधी मृत्यूनंतर दहाव्या दिवशी बहुधा नदीकाठी किंवा तीर्थकुंडावर होतो. पुण्याचा ओंकारेश्वर घाट, मुंबईचे वाळकेश्वरातील बाणगंगा आणि नाशिकचे रामकुंड ही त्याची परिचित स्थळे.

विधीमागील कल्पना अशी : दहन झाल्यावर मृत व्यक्ती लगेच पितर होत नाही, काही काळ ‘प्रेत’ म्हणून अधांतरी राहते. तिला नवा सूक्ष्म देह लागतो आणि तो दहा पिंडांनी एकेक अवयव करत घडतो. गरुडपुराणाच्या परंपरेत पहिल्या पिंडाने मस्तक आणि दहाव्याने तहान-भूक उत्पन्न होते; मधल्या अवयवांचा क्रम ग्रंथांगणिक थोडा बदलतो. देह पुरा झाला आणि भूक लागली त्याच दिवशी कावळ्याला घास द्यायचा, ही संगती लक्षात घेतली म्हणजे दहावा दिवसच का, याचा उलगडा होतो. बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणाने, म्हणजे मृताचा पिंड पूर्वजांच्या पिंडांत मिसळण्याच्या विधीने, प्रेतत्व संपते. मूळ विधान ते वर्षाअखेरीस करण्याचे होते.

कृती : स्मशानात मडके फोडण्यासाठी वापरलेला खडा (अश्मा, बोलीत जीवखडा) कर्ता, म्हणजे विधी करणारा, जपून ठेवतो, तो घरात आणत नाहीत. रोज त्याच्यावर तिळाचे पाणी सोडायचे आणि एक पिंड द्यायचा, असा मूळ क्रम. आता बहुतेक ठिकाणी दहाही पिंड दहाव्या दिवशीच देतात. पिंड भाताचे किंवा तांदळाच्या पिठाचे असतात. त्यात काळे तीळ, तूप, मध घालून मुठीत मावेल एवढा घट्ट गोळा वळतात. सैल झाला तर उन्हात पसरतो. पूजा झाली की कावळ्यासाठीचा पिंड पानावर किंवा पत्रावळीवर उघड्या जागी ठेवतात. शेजारी दहीभात आणि मृताच्या आवडीचा पदार्थ असतो : जिलबीचे एक वेढे, भजी, कधी कपभर चहा. मग सगळे मागे सरतात. कावळ्याने चोच लावल्यावर अश्मा पाण्यात सोडतात.

कावळा आला नाही, किंवा येऊन समोरच्या भिंतीवर नुसता बसून राहिला, तर ‘काय राहिलं असेल?’ अशी कुजबुज सुरू होते. घरातले एकेक जण पुढे येतात, पिंडासमोर हात जोडतात आणि मोठ्याने सांगतात : ‘आईला आम्ही अंतर देणार नाही’, ‘धाकटीचं लग्न मी करीन, तुम्ही निर्धास्त जा.’ अर्धा-पाऊण तास असा गेला तर गुरुजी दर्भाच्या काड्या दुमडून, गाठ मारून चोच-शेपटीचा आकार करतात आणि तो दर्भाचा कावळा पिंडाला लावतात. काही घरांत पिंड गाईला देतात. विधी यानेही पुरा होतो. त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही.

कावळा न येण्याची कारणे घाटावर रोज वावरणाऱ्यांना ठाऊक असतात. गावकावळा (कॉर्व्हस स्प्लेंडेन्स) अत्यंत सावध पक्षी आहे. अनोळखी वस्तू आणि टक लावून पाहणारी माणसे दिसली की तो अंतर राखतो. पिंडाभोवती धुमसणाऱ्या उदबत्त्या, फडफडणारी प्लॅस्टिकची पिशवी, उघडलेली छत्री, जवळचे कुत्रे यांपैकी एकही पुरते. गर्दीच्या घाटावर आधीच्या विधींवर कावळे सकाळीच पोट भरून घेतात, त्यामुळे उशिराच्या पिंडाकडे फिरकत नाहीत. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाशी जोड्या घरट्यात गुंतलेल्या असतात. म्हणून सकाळी लवकर विधी करावा, अन्न झाकू नये, निदान पंधरा-वीस पावले मागे जाऊन बोलणे थांबवावे. एवढ्याने पुष्कळदा काम होते. थांबून राहिलेल्या मुलासुनांनी स्वतःच्या मनाला लावून घ्यावे असे त्या पक्ष्याच्या वागण्यात काहीही नसते.

कावळाच का, याविषयी मतभेद आहेत. ऋग्वेदात (१०.१६५) मृत्यूशी जोडलेले पक्षी कपोत (कबूतर) आणि उलूक (घुबड) हे आहेत, कावळा नव्हे; यमाचे म्हणून येतात (१०.१४) ते दोन कुत्रे. तेव्हा ‘कावळा यमाचा दूत’ ही समजूत वेदकालीन आहे असे म्हणणे कठीण. अधिक महत्त्वाचे वचन बौधायन धर्मसूत्रातले (सामान्यतः इ. स. पू. सहावे ते दुसरे शतक यांदरम्यानचे मानले जाते) : ‘वयसां हि पितरः प्रतिमया चरन्ति’, म्हणजे पितर पक्ष्यांच्या रूपाने वावरतात, म्हणून पक्ष्यांना पिंड द्यावा. येथील शब्द ‘वयस्’, म्हणजे कोणताही पक्षी. कावळ्याचा वाचक ‘वायस’ हा त्याच्याशीच जोडलेला शब्द. सर्व पक्ष्यांना उद्देशून असलेले विधान पुढे कावळ्यापुरते आकसण्यास हे शब्दसाम्य कारण झाले असावे. मनुस्मृती (३.९२) वैश्वदेवातला (जेवणापूर्वी रोज द्यायच्या अन्नबळीतला) घास कुत्रे, कृमी इत्यादींबरोबर कावळ्यांसाठीही भूमीवर ठेवायला सांगते, आणि अमरकोशात कावळ्याची ‘बलिपुष्ट’, ‘बलिभुज्’ अशी नावे आहेत. म्हणजे बळीचे अन्न खाणारा पक्षी म्हणून त्याची ओळख तोवर पक्की झाली होती.

वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात (सर्ग १८, हे कांड उत्तरकालीन मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे) मरुत्त राजाच्या यज्ञात रावण येतो तेव्हा भ्यालेले देव प्राण्यांची रूपे घेतात. यम कावळा होतो आणि नंतर त्याला वर देतो, की तू जेवलास म्हणजे माझ्या लोकातली भुकेली माणसे तृप्त होतील. काकस्पर्शाला सर्वांत जवळचा ग्रंथाधार हाच. मात्र मृताची इच्छा अपुरी असली तर कावळा अडतो, असे ना बौधायनाच्या वचनात आहे, ना मनूच्या श्लोकात, ना या कथेत. तिन्ही ठिकाणी प्रश्न भुकेचा आहे, शकुनाचा नाही. शकुनाचा आणि वचन देण्याचा भाग लोकांनी घातलेला दिसतो, आणि आज विधीचे खरे वजन त्या भागावरच आहे. जे घरात कोणी बोलून दाखवत नाही, कर्ज कोण फेडणार, म्हातारीला कोण ठेवून घेणार, ते घाटावर चार नातलगांसमोर उच्चारावे लागते.

विरोधही जुना आहे. चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रह या ग्रंथात परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचा युक्तिवाद येतो : श्राद्धाने मेलेल्याचे पोट भरत असेल तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला न्यावी? एकोणिसाव्या शतकात सत्यशोधक चळवळीने पुरोहिताशिवाय अंत्यविधी करण्याचा आग्रह धरला. त्या विचाराच्या घरांत दहावा दिवस पाळला तरी पिंड ठेवत नाहीत.