‘मातृभाषा’ नावाचा रकाना

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागातल्या शाळांविषयी लिहायचं म्हणजे १९५६ पासून सुरुवात करायची, अशी आपल्याकडे रीतच पडली आहे. तो इतिहास इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे, म्हणून सोडून देतो. त्या वादाच्या धुरळ्यात एक साधा प्रश्न मात्र दिसेनासा झाला. मराठी शाळेत आता कोणाची मुलं उरली आहेत, आणि कोणाची केव्हाच उठून गेली?

प्रश्न जुनाच. १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे पुण्याहून गेलेल्या निवेदनात तो रोखठोक मांडला होता: शेतसारा भरतो शेतकरी, आणि त्या पैशावर शिकतात वरच्या वर्गाची मुलं. १९१७ साली शेजारच्या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. समाजशास्त्राने हा विषय खऱ्या अर्थाने मनावर घेतला तो १९६० नंतर. १९६६ च्या एका अमेरिकी अहवालात सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीतून निघालं की इमारत-प्रयोगशाळेपेक्षा घरची परिस्थिती निकालावर जास्त परिणाम करते. पॅरिसमध्ये ‘सांस्कृतिक भांडवल’ ही कल्पना पुढे आली: घरातली पुस्तकं, बोलण्याची ढब, साहेबासमोर न बिचकणं, हीही एक इस्टेटच, आणि शाळा तिलाच गुण देते. लंडनच्या एका अभ्यासकाने कामगारांच्या घरातली बोली आणि शाळेची भाषा यांतलं अंतर दाखवलं.

हे शेवटचं बेळगावला चपखल बसतं. घरी ‘काय करूलालास’ म्हणणारं पोर पहिलीत येतं आणि पुस्तकात ‘करीत आहेस’ वाचतं. दोन्ही मराठीच. पण वडगाव-शहापूरच्या विणकराच्या घरातल्या पोराला दुसरी मराठी शिकावी लागते, टिळकवाडीतल्या कारकुनाच्या पोराला ती पाळण्यातच मिळालेली असते. कुठल्या भाषेतून शिकवायचं या माध्यमाच्या भांडणात आपण या दोघांना एकाच ओळीत उभं केलं, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच झाला.

घोटाळ्याचं नाव ‘मातृभाषा’. प्रवेश अर्जावर हा दोन इंचांचा रकाना असतो. बाप विचारतो, “गुरुजी, काय लिहू?” गुरुजी म्हणतात, “लिहा मराठी.” सोपं वाटतं. पण या शब्दावर तीसेक वर्षं कोर्टकज्जे चालले.

ज्या १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं, त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांवर टाकली. तिच्याआधी, १९४९ पासून, वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुलं असली तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यायचा, असा संकेत होता. इथवर मातृभाषा म्हणजे आईची भाषा, अल्पसंख्याकांचं संरक्षण. १९८० च्या दशकात कन्नडला प्रथम भाषा करण्याचा आग्रह आला, जून १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरलेली माणसं गोळीबारात गेली, आणि ‘मातृभाषा’ ही आपली ढाल झाली.

मग कर्नाटक सरकारचा १९९४ चा आदेश आला: पहिली ते चौथी मातृभाषेतून नाहीतर कन्नडमधून. इंग्रजीतून शिकायचं तर मातृभाषाच इंग्रजी हवी! मराठी माणसाला हा आदेश कागदावर सोयीचा होता, पण इंग्रजीकडे धावणारा त्याच्यातलाच वरचा थर त्याने अडवला. परवानगी कन्नड माध्यमाची आणि शिकवणं इंग्रजीतून, अशा शाळा राज्यभर निघाल्या. २००६ मध्ये दोन हजारांवर शाळांवर मान्यता काढून घेण्याची कारवाई झाली. शेवटी ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला: मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवणार, आणि राज्याला ती माध्यम म्हणून लादता येणार नाही. स्वातंत्र्याच्या बाजूने निकाल चोख आहे. पण निवड करायला फी लागते, हे त्याच्या हिशेबात नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईला, खानापूरच्या जंगलातल्या धनगरवाड्याला या स्वातंत्र्याने काय दिलं?

थोडंफार दिलं ते शिक्षण हक्क कायद्याने. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांवर २०१२ पासून गरिबांची मुलं जाऊ लागली. २०१९ पासून तेही आटलं; जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेवर बंधन नाही, असा नियम कर्नाटकात झाला. दरम्यान २०१५ च्या कायद्याने सगळ्याच शाळांत कन्नड प्रथम वा द्वितीय भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने आणायचं ठरलं. म्हणजे मराठी माध्यमातल्या पोराच्या डोक्यावर तीन भाषा, आणि घरी शिकवायला कोणी नाही.

आता गंमत बघा. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशाला सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी सवलत आहे. आपण वादग्रस्त भागातले आहोत आणि मातृभाषा मराठी आहे, असे दाखले लागतात. माध्यमाची अट नाही. तेव्हा पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये गेलेला, बारावी सायन्स इंग्रजीतून केलेला डॉक्टरांचा मुलगा रकान्यात मराठीच लिहितो, आणि ते खोटंही नसतं. मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी, झालेली मुलगी पीयूसीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे अकरावीत, इंग्रजी फिजिक्सपाशी अडखळून कॉमर्सला वळलेली असते, आणि तिच्या दाखल्याची तिथवर गरजच पडत नाही.

२०१९ मध्ये कर्नाटकातल्या हजारेक सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडले गेले. तिथल्या अर्जावर ‘माध्यम’ आणि ‘मातृभाषा’ हे रकाने एकाखाली एक येतात.