विगनच्या तालमीतून टोकियोपर्यंत: बिली रॉबिन्सन यांची कारकीर्द

ब्रिटिश कुस्तीगीर बिली रॉबिन्सन यांना खरे तर मुष्टियोद्धा व्हायचे होते. जन्म 1938चा, मँचेस्टरचा, घराण्यातच मुष्टियुद्ध. पण लहानपणी डोळ्याला इजा झाली आणि ती वाट बंद झाली. मग किशोरवयात ते जवळच्या विगन गावात बिली रायली यांच्याकडे कुस्ती शिकायला गेले.

विगन हे लँकशायरमधले कोळशाच्या खाणींचे गाव. तिथल्या कष्टकऱ्यांची कुस्ती म्हणजे 'कॅच-अ‍ॅज-कॅच-कॅन', जमेल तिथे धरा. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकडता येत नाही. इथे पायही धरता येतो. दोन्ही खांदे टेकवून चीत करायचे, नाहीतर सांध्याला असा पीळ द्यायचा की समोरच्याने हार मानावी. याच कुस्तीतले सांधेतोड डाव गळत जाऊन आजची ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल घडली. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, ते याच प्रकारात. गळालेले डाव मात्र रायलींच्या साध्या शेडमध्ये जिवंत राहिले. ही जागा पुढे 'स्नेक पिट' म्हणून जगभर ओळखली गेली.

रायली कडक वस्ताद होते. एकेक डाव अंगात भिनेपर्यंत घोटून घ्यायचा, आणि रोज आपल्यापेक्षा जड, मुरलेल्या पैलवानांशी लढत द्यायची. तोवर व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरू लागले होते. रॉबिन्सन यांनी पोट त्याच रिंगणात भरले, पण त्यांचे मोठेपण मला तिथल्या विजेतेपदाच्या पट्ट्यांत दिसत नाही. ते तालमीत कमावलेल्या अंगच्या विद्येत आहे.

1970च्या सुमारास ते अमेरिकेत गेले. मिनेसोटात व्यावसायिक पैलवान व्हर्न गान्या यांच्या शिबिरात त्यांनी नवख्यांना घडवले; पुढे व्यावसायिक कुस्तीत गाजलेले रिक फ्लेअर त्यांतलेच. पण त्यांची खरी कदर जपानने केली. तिथे रायलींचा आणखी एक शिष्य, बेल्जियमचे कार्ल गॉच, आधीच पोहोचला होता. गॉच जपानी पोरांकडून शेकड्यांनी बैठका आणि जोर मारून घेत. आपल्या आखाड्यातली ही मेहनत विगनच्या डावांसोबत तिथे रुजली, हे वाचताना छाती भरून येते. त्याच गॉच यांचे शिष्य, जपानी पैलवान अंतोनिओ इनोकी आणि रॉबिन्सन डिसेंबर 1975 मध्ये टोकियोत समोरासमोर आले. एक तास चाललेली ती लढत बरोबरीत सुटली आणि जपानी रसिक आजही तिचे नाव काढतात.

1990च्या दशकात रॉबिन्सन पुन्हा जपानला गेले, ते शिकवायला. जपानी लढवय्ये काझुशी साकुराबा त्यांच्या हाताखाली तयार झाले. साकुराबांचा गाजलेला डाव होता डबल रिस्टलॉक: एका हाताने समोरच्याचे मनगट धरायचे, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून आपलेच मनगट पकडायचे आणि त्याचा हात पाठीकडे पिरगाळत न्यायचा. जुजुत्सूवाले यालाच किमुरा म्हणतात, कारण 1951 साली जपानी ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी ब्राझीलमध्ये याच पकडीने तिथल्या जुजुत्सू घराण्यातले एलिओ ग्रेसी यांना हरवले होते. साकुराबा यांनी 1999 मध्ये रॉयलर आणि 2000 मध्ये रेंझो, अशा त्याच घराण्यातल्या दोन ग्रेसींना याच डावाने गाठले. मिश्र मार्शल आर्ट्सच्या या दोन्ही लढती खऱ्याखुऱ्या होत्या. निकाल आधी कुणी ठरवला नव्हता.

रॉबिन्सन 2014 मध्ये गेले. विगनजवळच्या अ‍ॅस्पुल गावात रायलींचे शिष्य रॉय वुड यांनी पोरांना कुस्ती शिकवत तालमीची परंपरा पुढे चालवली.