पूर्वजांचा धंदा कोणत्या कागदात सापडतो?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लंडनच्या विणकर संघाला ११५५ साली राजाची सनद मिळाली. तिथल्या अशा संघांच्या जुन्या वह्यांत कोणता पोरगा कोणाच्या हाताखाली काम शिकला याच्या नोंदी असतात. सोलापुरात तशी तयार वही नाही. आपल्याकडे कारागिराचं नाव कागदावर चढलं ते कर घ्यायला, नाहीतर वतन, म्हणजे वंशपरंपरेचा हक्क, सांभाळायला. म्हणून पूर्वजांच्या धंद्याचा शोध आम्ही तिथूनच धरतो.

सगळ्यात उपयोगी कागद मोहतर्फ्याचे. पेशवाईत कसबी आणि दुकानदारांवर हा कर होता, त्यामुळे माग, तेलाचा घाणा, दुकान असं धंद्याचं साधनच यादीत येतं. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे आणि बहुतेक मोडीत. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं सलग लिहीत जायची. दोन शब्दांत जागा सोडत नसत. नाव कुठे संपलं आणि धंदा कुठे सुरू झाला, हे सरावानेच कळतं. सालही अरबी शब्दांत असतं. ‘खमस खमसैन मया व अलफ’ म्हणजे पाच, पन्नास, शंभर आणि हजार मिळून ११५५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७५४ येतं. हे वर्ष मृगाला बदलतं, त्यामुळे पुढच्या मे महिन्यातला कागद असेल तर १७५५ धरायचं.

सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, गुरव अशा बलुतेदार घराण्यांसाठी वतनाचे आणि इनामाचे कागद बघावेत. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांत मूळ गाव आणि पिढ्या मिळतात, धंदा क्वचितच. काही घराण्यांची वंशावळ हेळव्याकडे, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळ सांगणाऱ्याकडे, असते. तो गावात आला की त्याला बसवून घ्या, चहा पाजा आणि विचारा.

तेलंगणातून आलेल्या विणकर कुटुंबांचा मागोवा मात्र सोलापुरात येऊन तुटतो. त्यांचे मागचे कागद निजामाच्या मुलखातले, बरेचसे उर्दूत. त्याला वाचणारा वेगळा आणि वेळही जास्त. आजोबा गिरणीत होते, एवढंच माहीत असेल तर जुनं पगारपत्रक, फंडाची चिठ्ठी, ओळखपत्र शोधा. जॉबर म्हणजे मुकादम होते की बदली कामगार, कोणत्या खात्यात होते, हे त्यावरच समजतं.

एक स्पष्ट सांगतो. नोंदीत ‘साळी’ किंवा ‘तेली’ लिहिलंय म्हणजे त्या माणसाने माग चालवला किंवा घाणा फिरवला, असं होत नाही. ती जात झाली. धंद्याचा पुरावा वेगळा लागतो. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने बरेच जण विचारायला येतात. जातीच्या दाखल्याचं काम आम्ही करत नाही, त्यासाठी तहसील कचेरीतच जावं.

येताना आजोबा-पणजोबांचं पूर्ण नाव, मूळ गाव, कुलदैवत आणि हाती असेल ते घेऊन या: शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, खरेदीखत. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा बहुतेकांना सुचत नाही, पण काही शाळांत पालकाचा धंदा तिथे लिहिलेला असतो. खर्चाचा अंदाज आधी लेखी देतो. काही सापडलं नाही, तर फक्त प्रवास आणि नकलांचे पैसे घेतो.

जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका. घडी मोडत असेल तर तसाच वहीच्या पानांत ठेवून आणा.